स्टेपनी: निवडायची कशी, बसवायची कशी (इंदुरातून सहकुटुंब लांब निघणाऱ्या नव्या गाडीवाल्यांसाठी)

गाडी दाराशी उभी असेल तर पुढे वाचण्याआधी डिक्कीचा तळ उचलून पाहा. तिथे चारांपैकी एक गोष्ट सापडेल. एक तर बाकीच्या चाकांसारखंच पाचवं चाक, किंवा जवळपास तेवढ्याच गोलाईचं पण लहान रिमचं लोखंडी चाक, किंवा वेगमर्यादेचं स्टिकर लावलेलं बारीक चाक. नाहीतर चाकच नाही, नुसता हवेचा छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली. आपल्या गाडीत यांतलं काय आहे, हे अनेकांना पहिल्यांदा कळतं ते मानपूरच्या पुढे, अंधारात, मागे मुलं आणि आजी बसलेली असताना. ते आज, उजेडात कळून घ्या.

आपण सगळे ज्याला स्टेपनी म्हणतो तो शब्द एका रस्त्याच्या नावावरून आला आहे. वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये आरे नसलेली एक रिम बनवली. तिच्यावर फुगवलेला टायर असे आणि ती पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून अडकवायची. त्या काळी गाडीबरोबर जादा चाक येतच नसे. पुढे पूर्ण चाक बदलण्याची सोय झाली, ती रिम गेली, नाव मात्र आपल्याकडे राहिलं.

चारांतलं कोणतं बरं

२०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या, चालकासह नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी देणं आता सक्तीचं नाही. म्हणून नव्या गाडीत चाक दिसलं नाही तर कंपनीने फसवलं असं समजू नका. पण किटची मर्यादा ओळखा. बाटलीतला द्रव टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातलं खिळ्याएवढं भोक बुजवतो. बाजूची भिंत फाटली, खड्ड्यात रिम वाकली किंवा टायर रिमवरून सुटला, तर त्याचा काही उपयोग नाही. शिवाय बाटलीवर मुदत छापलेली असते आणि ती उलटली की आतला द्रव भरवशाचा राहत नाही.

बारीक चाकात हवा नेहमीच्या जवळजवळ दुप्पट, सहसा ६० पीएसआय लागते आणि वेग ८० च्या वर न्यायचा नसतो. राजवाड्याजवळ पंक्चर झालं आणि विजयनगरपर्यंत जायचं असेल तर ते पुरतं. धुळ्याची वाट अडीचशे किलोमीटरहून जास्त आहे, मध्ये खलघाटचा पूल, सेंधवा, बिजासन घाट, आणि गाडीत पाच माणसं अन् सामान. तिथे ते चाक फक्त पुढच्या टायरच्या दुकानापर्यंतचं आहे.

इंदूरहून वर्षातून दोनदा तरी नाशिक-पुण्याकडे लग्नकार्याला जाणाऱ्या घराला आमचा स्पष्ट सल्ला: पूर्ण मापाचा टायर, लोखंडी रिमवर. गाडीला अलॉय व्हील असली तरी स्टेपनीची रिम लोखंडीच असू द्या. ती स्वस्त पडते, आणि खड्ड्यात आपटली तर वाकते. अलॉय तडकते.

मात्र आधी डिक्कीतल्या खळग्याचं माप घ्या. बारीक चाकासाठी केलेल्या जागेत १८५ रुंदीचा टायर ठेवला तर तो वर येतो आणि डिक्कीचा तळ नीट बसत नाही. खोली साधारण २० सेंटिमीटर आणि व्यास टायरपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त हवा. सीएनजीच्या टाकीमुळे जागा गेली असेल तर चाक उभं ठेवून पट्ट्याने आवळावं लागतं. ते सुटं कधीच ठेवू नका. १५ किलोचं चाक जोरात ब्रेक मारल्यावर मागच्या सीटवर येतं.

टायरवरचे आकडे

चालकाच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं. टायरचं माप आणि हवेचा दाब तिथूनच घ्या. आता लावलेल्या टायरवरून घेऊ नका, आधीच्या मालकाने माप बदललेलं असू शकतं.

समजा माप आहे १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा आकडा, तो टायर ५६० किलो पेलतो (८२ असेल तर ४७५ किलो). एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा टायर, टी म्हणजे १९०.

गोलाई, म्हणजे चाकाचा बाहेरचा व्यास, काढायची तर भिंतीच्या उंचीची दुप्पट करायची आणि त्यात रिम मिळवायची. १८५ च्या ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, आणि १५ इंच म्हणजे ३८१. एकूण ६२१.५ मिलिमीटर. हेच गणित १६५/८० आर १४ साठी केलं तर ६१९.६ येतं. फरक दोन मिलिमीटर, म्हणून एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलला ही दोन वेगळी मापं चालतात. आता १६५/७० आर १४ पाहा: ५८६.६. रुंदी तीच, रिम तीच, दुकानदारही म्हणेल “एकच आहे, बसेल”. बसेलही. पण गोलाई १६५/८० पेक्षा ३३ मिलिमीटरने, म्हणजे सव्वापाच टक्क्यांहून जास्त कमी आहे. एकाच अ‍ॅक्सलवर एक चाक लहान आणि एक मोठं झालं की गाडी एका बाजूला ओढते, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं आणि एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो. फरक एका टक्क्याच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. तीन टक्क्यांच्या वर असेल तर घेऊच नका.

भाराचा आकडा स्टिकरवरच्यापेक्षा कमी चालणार नाही. टायरवर आयएसआयची खूण आणि आयएस १५६३३ हा क्रमांक आहे ना, तेही पाहून घ्या.

मग तारीख. भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. डिक्कीतला टायर झिजत नाही, पण रबर म्हातारं होतंच. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही कोरी दिसत असली तरी काढून टाका. चारही टायर नवे घेताना जुन्यांतला सर्वांत चांगला स्टेपनीला लावण्याची रीत आहे. ती चुकीची नाही, पण आधी तारीख वाचा. नक्षीच्या खोबणीत ठरावीक अंतरावर १.६ मिलिमीटरचे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला.

रिम: इथेच सगळे फसतात

टायरचं माप जुळलं म्हणजे चाक बसलं असं होत नाही. रिमच्या पाच गोष्टी जुळाव्या लागतात, आणि “चार भोकांची आहे” हे त्यात काहीच नाही.

पहिली, भोकांचं वर्तुळ, ज्याला पीसीडी म्हणतात. स्विफ्ट, आय२०, सिटी यांसारख्या बऱ्याच गाड्यांना ४ × १०० (चार भोकं, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर), पोलोला ५ × १००, क्रेटाला ५ × ११४.३. चार भोकांच्या रिमवर मोजणं सोपं आहे: एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत. पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. ६७ मिलिमीटर आलं तर ११४.३ ची रिम, ५९ च्या आसपास आलं तर १०० ची.

दुसरी, मधलं मोठं भोक. मारुतीच्या ४ × १०० रिमचं हे भोक ५४.१ मिलिमीटरचं असतं, होंडाचं ५६.१. म्हणून मारुतीची रिम होंडाच्या हबवर (गाडीचा जो मधला भाग या भोकात बसतो त्यावर) चढतच नाही. उलट, होंडाची रिम मारुतीला चढते, पण सैल. मग चाक मध्यावर बसत नाही आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. भंगारातून किंवा सेकंडहँड रिम घेताना ही चूक सर्वांत जास्त होते, कारण भोकं तंतोतंत जुळतात आणि विकणारा तेवढंच दाखवतो.

तिसरी, ऑफसेट, म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे. रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि एक आकडा कोरलेला असतो, जसं ईटी ४५. तो १० ने कमी असेल तर चाक १० मिलिमीटर बाहेर येतं आणि भरल्या गाडीत मडगार्डला घासू शकतं. जास्त असेल तर आत जाऊन सस्पेन्शनला. मूळ आकड्याच्या जवळच राहा.

चौथी, रिमची रुंदी. ती सहसा आपोआप जुळते.

पाचवी नटांची, आणि तिच्याकडे कुणी पाहतच नाही. मारुतीचे आटे १२ × १.२५ (जाडी १२ मिलिमीटर, दोन आट्यांतलं अंतर १.२५), तर ह्युंडाई, होंडा, टोयोटा यांचे १२ × १.५. चुकीचा नट दोन फेरे हाताने फिरतो, मग अडकतो, आणि पान्याने रेटला की स्टडचे (नट ज्यावर चढतो त्या दांडीचे) आटे जातात. नटाचं बूडही वेगळं असतं: बहुतेकांचं निमुळतं, होंडाचं गोलसर. निमुळता नट गोलसर खाचेत फक्त कडेवर टेकतो आणि चालत्या गाडीत ढिला होतो. बाहेरून अलॉय बसवली असतील तर त्यांचे नट लोखंडी रिमवर नीट टेकतातच असं नाही. अशा वेळी मूळ नटांचा एक संच पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यातच ठेवा. अलॉयच्या नटांना खास चावी लागत असेल तर तीही तिथेच. घरातल्या ड्रॉवरमधली चावी सेंधव्यात कामाची नाही.

जुनी लोखंडी रिम घेत असाल तर नटांची भोकं लांबट झाली आहेत का, वेल्डिंगचा डाग आहे का, आणि टायरची कड जिथे बसते तिथे गंजाचे पापुद्रे आहेत का, एवढं पाहा. यांतलं एक जरी असेल तरी नको. मग टायर चढवून बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून घ्या, वाकडेपणा तिथे डोळ्यांना दिसतो. वॉल्व्ह नवा टाकायला सांगा.

हवा

टायर बंद डिक्कीतही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा सोडतो. शिवाय तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की आणखी १ जातो. मेच्या दुपारी ३३ भरून ठेवलेली स्टेपनी जानेवारीच्या पहाटे पाहिलीत तर आठ महिन्यांचे आठ आणि थंडीचे पाच वजा होऊन २० च्या आसपास सापडते. तशी लावून निघालात तर भिंत चेपून तापते आणि तोही टायर जातो. म्हणून पूर्ण मापाच्या स्टेपनीत स्टिकरवरच्या सर्वांत जास्त आकड्यापेक्षा ३ ते ५ पीएसआय जास्त भरून ठेवा. लावल्यावर कमी करता येते. पंपावर चार चाकांची हवा पाहणारा पाचव्याचं विचारत नाही, तुम्हीच डिक्की उघडा. चाक ठेवताना वॉल्व्ह वर येईल असं ठेवलं तर दर वेळी बाहेर काढावं लागत नाही.

इनोव्हासारख्या गाड्यांत स्टेपनी बाहेर, पोटाखाली टांगलेली असते. तिच्या साखळीला आणि गरारीला पावसाळ्यात चिखल लागून गंज चढतो आणि ऐन वेळी चाक खालीच येत नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ते पूर्ण खाली उतरवा, धुवा, गरारीला ग्रीस लावा.

घरी एकदा लावून पाहा

नवी असो वा गाडीबरोबर आलेली, स्टेपनी घरी एकदा प्रत्यक्ष लावल्याशिवाय ती आपली झाली असं मानू नका. अर्धा तास लागतो. सपाट, पक्की जागा निवडा, आणि आधी पुढच्या चाकाला लावून पाहा, कारण ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक आवळणारा चिमटा) तिथे मोठा असतो आणि लहान रिम त्यालाच घासते.

हँडब्रेक ओढा आणि गाडी गिअरमध्येही टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. दोन्ही का? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं चाक उचललं की ते हवेत मोकळं फिरतं, त्यामुळे गिअरची पकड सुटते आणि गाडीला मागचा हँडब्रेकच धरून ठेवतो. मागचं चाक उचललं की हँडब्रेकचं एकच चाक जमिनीवर उरतं, तिथे गिअर कामी येतो. शिवाय तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा.

आता चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करा, फक्त अर्धा फेरा. उचललेल्या गाडीवर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. पाना नटावर पूर्ण आत बसवा, दांडा डावीकडे आडवा ठेवा आणि खाली दाबा. हाताने हलत नसेल तर पायाने दाबा, उड्या मारू नका. पाना घसरून नटाचे कोपरे गोल होतात. दुकानात हवेच्या गनने आवळलेले नट सर्वांत हट्टी असतात. त्यांच्यासाठी दोन फुटांचा लोखंडी पाइप डिक्कीत ठेवा, पान्याच्या दांड्यावर चढवला की काम सोपं होतं. घरी सराव करण्याचा खरा फायदा हाच, की असे नट आजच सुटतात.

जॅक लावायची जागा दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचांच्या मध्ये असते, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे. खाचा बोटाने चाचपून शोधा. जॅक भलतीकडे लावला तर पत्रा आत दबतो. गाडीत कुणी बसलेलं नको. उचलायला लागण्याआधी स्टेपनी दाराखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर टेकेल, तुमच्या पायावर नाही. पंक्चर टायर जमिनीपासून सुटला की आणखी चार-पाच सेंटिमीटर उचला, फुगलेल्या चाकाला तेवढी जागा जास्त लागते.

नट काढून स्वच्छ फडक्यावर ठेवा. चाक निघत नसेल तर ते हबला गंजाने धरलं आहे. टायरला टाचेने आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी धक्का द्या. गाडीखाली हात घालून ओढायचं नाही. निघाल्यावर हबची आणि रिमची टेकणारी बाजू तारेच्या ब्रशने घासा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नट आवळल्यासारखे वाटतात आणि पापुद्रा चुरला की ढिले पडतात. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. तेवढ्याच जोरात नट प्रमाणाबाहेर आवळला जातो आणि स्टड ताणला जातो.

जुनं चाक दाराखाली सरकवा, स्टेपनी चढवा. नटाचं निमुळतं टोक रिमकडे. प्रत्येक नट हाताने सात-आठ फेरे सहज फिरला पाहिजे, मध्येच अडला तर आटे वेगळे आहेत, थांबा. शेजारचा नट लगेच आवळायचा नाही, समोरचा आवळायचा. पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसे. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. कुठे खर्र वाजलं तर रिम कॅलिपरला लागते आहे आणि ती या गाडीची नव्हे. वाजलं नाही तर परत गिअरमध्ये टाका.

टायर जमिनीला जेमतेम टेकेल इतकं उतरवून त्याच क्रमाने आवळा, मग पूर्ण उतरवून शेवटचं आवळा. बहुतेक कौटुंबिक गाड्यांना ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. १०० साठी २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर साधारण ४० किलोचा दाब पडायला हवा. ६५ किलोचा माणूस पान्यावर उभा राहिला तर १६० च्या आसपास जातो, म्हणजे दीडपटीहून जास्त. तेव्हा आवळताना पान्यावर चढायचं नाही आणि तो पाइपही वापरायचा नाही. दांडा उजवीकडे आडवा धरून, हात सरळ ठेवून अंगाचा भार द्यायचा, एवढंच.

रस्त्यावर वेगळं काय

हवा गेल्याचं कळल्यावर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरून वेग उतरू द्या. गणपती घाटासारख्या उतरणीवर किंवा वळणावर चाक बदलायला थांबूच नका. वीसच्या वेगाने सपाट, रुंद जागेपर्यंत जा. टायर जाईल, जाऊ द्या.

चारही इंडिकेटर लावा. परावर्तक त्रिकोण मागे शंभर पावलं तरी न्या. ९० ने येणारी गाडी ५० मीटर दोन सेकंदांत कापते, तेवढ्यात चालकाला काही सुचत नाही. घरचे सगळे उतरून रस्त्यापासून लांब, शक्य असेल तर कठड्यापलीकडे उभे राहावेत. चाक वाहतुकीच्या बाजूचं असेल आणि जागा अपुरी असेल तर बदलू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा.

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची माळव्याची काळी माती लोण्यासारखी मऊ होते. जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो, आणि तिरपा होतो. एक फूट लांब-रुंद, दोन सेंटिमीटर जाड प्लायवूडचा तुकडा स्टेपनीबरोबर ठेवा. त्याच्याबरोबर डोक्याला बांधायची बॅटरी, हातमोजे आणि बसायला जुनं पोतं.

स्टेपनी लहान मापाची किंवा बारीक असेल आणि पुढचं चाक गेलं असेल, तर योग्य पद्धत अशी: मागचं चांगलं चाक पुढे, आणि स्टेपनी मागे. पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा भार घेतात. दोनदा जॅक लावावा लागतो, म्हणून हे पेट्रोल पंपाच्या आवारासारख्या सुरक्षित जागी करा. तिथवर सावकाश जा.

लावल्यानंतर

५० ते १०० किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून पाहा. पूर्ण मापाच्या स्टेपनीत जास्त भरलेली हवा पहिल्या पंपावर स्टिकरच्या आकड्याला आणा. हवा दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाडीत दिवा लागून राहील, कारण स्टेपनीच्या रिममध्ये सेन्सर सहसा नसतो.

पंक्चर काढताना टायर रिमवरून उतरवून आतून पाहायला सांगा. हवा नसताना टायर थोडाही चालला असेल तर आत भिंतीवर काळी पूड आणि घासल्याची गोल रेघ दिसते. असा टायर पंक्चर काढून हवा धरतो, पण पुढे कधीही फुटू शकतो. भिंतीतल्या भोकाला पट्टी लावून घेऊ नका. दुरुस्त चाक जागेवर चढवताना नट हाताच्या पान्याने आवळायला सांगा, मग स्टेपनीत हवा पुन्हा वाढवा, वॉल्व्ह वर करून तिला खळग्यात ठेवा, मधला स्क्रू पूर्ण फिरवा, आणि जॅक, पाना, पाइप, प्लायवूड, त्रिकोण हे सगळं मोजून परत ठेवा.